वाचकांचे प्रश्न : तांब्याच्या डब्यातला घुमणारा आवाज

या महिन्याच्या टपालात घरी बांधलेल्या हेडफोन अँप्लिफायरविषयीची आणि व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळीच्या) फोनो प्रीअँपविषयीची, म्हणजे रेकॉर्डवरून येणारा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राविषयीची, पत्रे इतकी आली की इतर विषय पुढच्या अंकावर ढकलून हे सदर त्यांनाच दिले आहे. पंचवटीच्या पत्राने बरीचशी जागा घेतली आहे. त्यातला दोष या छंदात नव्याने शिरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला भेटतो आणि त्यापायी पैसे मात्र भलत्याच ठिकाणी खर्च होतात, म्हणून ही मोकळीक घेतली.

प्रश्न : जुन्या रेकॉर्ड ऐकण्यासाठी मी दोन ईसीसी८३ व्हॉल्व्ह वापरून फोनो प्रीअँप बांधला. बाहेरच्या विजेचा त्रास आत येऊ नये म्हणून भांडीबाजारात सांगून एक मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या पत्र्याचा डबा खास करवून घेतला आणि ट्रान्सफॉर्मरसह सगळे त्यातच बसवले. तरीही रेकॉर्ड सुरू नसताना स्पीकरमधून खोल, घुमणारा आवाज येत राहतो. दुकानदाराने सुचवलेले महागडे कंडेन्सर घालून पाहिले, पण काहीच फरक पडला नाही. डबा आणखी जाड घ्यायला हवा होता का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : डबा सुरेख झाला असणार यात शंका नाही, कारण तांब्याचे काम नाशिकच्या कारागिराला शिकवावे लागत नाही. मात्र तो जाड केल्याने आपला प्रश्न सुटणार नाही. तांब्याचा पत्रा विद्युत क्षेत्र अडवतो, म्हणजे शेजारची ट्यूबलाइट किंवा भिंतीतून गेलेली वायर यांचा उपद्रव तो बाहेर ठेवतो. ट्रान्सफॉर्मरभोवती ५० हर्ट्झचे जे चुंबकीय क्षेत्र असते, त्याला मात्र एक मिलिमीटर तांबे जवळजवळ पारदर्शकच असते. या वारंवारतेला तांब्यात ते क्षेत्र नजरेत भरण्याइतके मंदावण्यासाठी सुमारे नऊ मिलिमीटर जाडी लागते, आणि तेवढ्या जाडीचा डबा उचलायला दोन माणसे लागतील. शिवाय आपण ट्रान्सफॉर्मर डब्याच्या आतच ठेवला आहे. चोराला घरात घेऊन दाराला कुलूप लावावे तसा हा प्रकार झाला.

हा आवाज इतर अँप्लिफायरमध्ये सहसा जाणवत नाही आणि फोनो प्रीअँपमध्येच का छळतो, हे आकड्यांवरून लगेच लक्षात येते. सुईची हालचाल विजेत बदलणाऱ्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम तीन ते पाच मिलीव्होल्ट मिळतात आणि ते कामाच्या पातळीवर आणण्यासाठी १००० हर्ट्झला साधारण शंभरपट वर्धन लागते. त्यावर १९५४ पासून रूढ झालेला आरआयएए वक्र, म्हणजे अमेरिकेतल्या रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेचे मानक, येतो. रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि तीव्र स्वर उचललेले असतात, म्हणून वाजवताना त्याच्या उलट करावे लागते. या उलट करण्यात ५० हर्ट्झच्या वाट्याला १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे १७ डेसिबल, म्हणजे सातपट जास्त वर्धन येते. परिणामी आपला प्रीअँप घरातल्या विजेच्या वारंवारतेला शंभरपट नव्हे, तर सातशेपट मोठे करतो. पहिल्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या टोकावर, एक मायक्रोव्होल्टचा उपद्रव शिरला, तरी बाहेर ०.७ मिलीव्होल्ट हजर होतात.

काहीही नवे विकत घेण्यापूर्वी त्या आवाजाचा स्वर ओळखावा. खर्जाचे सूर असलेली पेटी घरात असेल तर काम सोपे होते. आवाज खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर लागत असेल, तर तो १०० हर्ट्झचा आहे. हा आवाज बहुधा थोडा करकरीत असतो आणि तो एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायरकडून, म्हणजे हाय टेन्शनच्या (व्हॉल्व्हला लागणाऱ्या उच्च डीसी व्होल्टेजच्या) अपुऱ्या गाळणीतून किंवा चुकीच्या जागी जोडलेल्या अर्थमधून येतो. त्याच्याही एक सप्तक खाली, कानापेक्षा छातीला जाणवणारा मऊ आवाज असेल, तर तो ५० हर्ट्झचा. त्याचे मूळ ट्रान्सफॉर्मरचे क्षेत्र, व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरचा एसी प्रवाह किंवा अर्थचे वेटोळे (अर्थच्या एकाहून अधिक वाटांनी बनलेले वर्तुळ) यांपैकी एकात असते. नवे कंडेन्सर घालूनही आपल्याकडे काही बदलले नाही आणि आपण आवाज ‘खोल’ असल्याचे लिहिता, त्यावरून तो ५० हर्ट्झचाच असावा असे वाटते. तसे असेल, तर दुकानदाराने गाळणीवर केलेला इलाज मुळात दुसऱ्याच रोगावरचा होता.

आता शोधाचा क्रम. प्रीअँपच्या दोन्ही इनपुट सॉकेटमध्ये, आत तार जोडून शॉर्ट केलेले आरसीए प्लग लावावेत. आवाज थांबला, तर दोष टर्नटेबल, त्याची वायर किंवा तिची अर्थ यांत आहे आणि डबा उघडण्याची गरज नाही. आवाज कायम राहिला, तर दोष डब्यातच आहे. मग वीज बंद करून, कंडेन्सर रिकामे झाल्याची खात्री करून पहिला व्हॉल्व्ह काढावा आणि पुन्हा सुरू करून ऐकावे. (दोन्ही व्हॉल्व्हचे हीटर समांतर असतील तरच हे जमते, मालिकेत असतील तर दुसराही विझतो.) आवाज गेला, तर तो पहिल्या टप्प्यात शिरत आहे, राहिला, तर पुढचा टप्पा किंवा पॉवर सप्लाय पाहावा.

पहिल्या टप्प्यावर बोट ठेवले गेले, की ट्रान्सफॉर्मरची परीक्षा घ्यावी. त्याचे स्क्रू काढून, नीट इन्सुलेट केलेल्या लांब वायरींवर तो डब्याबाहेर आणावा आणि प्रीअँप चालू असताना, फक्त लोखंडी गाभ्याला धरून, हळूहळू फिरवावा. माझ्या पहिल्या प्रीअँपच्या वेळी मी हे रात्री केले होते. घर शांत होते, आणि हातातला तो किलोभराचा ठोकळा एका विशिष्ट कोनात आला की घुमणे जवळजवळ विरून जायचे आणि दोन अंश पुढे सरकवला की परत यायचे. रेडिओचे जुने स्टेशन लावावे तसेच ते वाटत होते. त्याआधी मी तीन आठवडे अर्थच्या वायरी उपसून पुन्हा जोडण्यात घालवले होते. हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात ओसरते, म्हणजे अंतर दुप्पट केले की उपद्रव साधारण एक अष्टमांश होतो. त्यामुळे खरा उपाय जाडीचा नसून लांबीचा आहे : ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर वेगळ्या डब्यात घालून दोन फूट दूर ठेवावेत आणि मधे मजबूत इन्सुलेशनची केबल घ्यावी. तो दुसरा डबा मात्र लोखंडी असावा. सातपूर किंवा अंबडच्या शीट मेटलवाल्याकडून दीड मिलिमीटर पत्र्याचा साधा डबा करून घेतला तरी पुरतो, कारण लोखंड चुंबकीय क्षेत्राला स्वतःत ओढून घेते आणि तांबे ते करत नाही. तांब्याचा डबा प्रीअँपसाठीच ठेवावा. तिथे तो खरोखर उपयोगी आहे आणि त्याला थेट कथील लागते हा वेगळाच फायदा.

ट्रान्सफॉर्मर दूर नेऊनही आवाज उरला, तर हीटर तपासावा. आपल्या दोन ईसीसी८३ ना ६.३ व्होल्टवर मिळून ६०० मिलीअँप लागतात. इमर्जन्सी दिव्यातली सहा व्होल्टची सीलबंद बॅटरी एवढा प्रवाह चाचणीपुरता सहज देते. ट्रान्सफॉर्मरची हीटर वायंडिंग सोडवून तिच्या जागी ही बॅटरी जोडावी, आणि आवाज गेला तर हीटरला नियंत्रित डीसी द्यावा. तेवढेही करायचे नसेल, तर हीटरच्या वायरी घट्ट पिळून डब्याच्या कोपऱ्यातून न्याव्यात आणि हीटरचा मध्यबिंदू शून्यावर न ठेवता हाय टेन्शनवरून भागून घेतलेल्या ३० ते ६० व्होल्टवर टांगावा. यामुळे हीटरमधून कॅथोडकडे होणारी गळती थांबते आणि पुष्कळदा तेवढ्यानेच भागते.

अर्थविषयी आपल्या डब्यामुळे निर्माण झालेली एक खास अडचण सांगायला हवी. इनपुट आणि आउटपुटचे सॉकेट आपण थेट तांब्यावर कसले असतील, तर प्रत्येक सॉकेट हा अर्थचा एकेक वेगळा बिंदू झाला आणि त्यांच्यामध्ये वेटोळे तयार झाले. लाकडी पेटीत ही चूक घडतच नाही, धातूच्या डब्यात मात्र ती आपोआप होते. सॉकेटखाली फायबरचे वॉशर घालून ते डब्यापासून तोडावेत, सिग्नलच्या सर्व अर्थ एका जाड तारेवर आणाव्यात आणि ती तार इनपुटजवळ एकाच ठिकाणी डब्याला जोडावी. रेक्टिफायरनंतरच्या पहिल्या कंडेन्सरचे ऋण टोक मात्र या तारेच्या मध्यावर कधीही आणू नये, कारण त्यातून धक्क्याधक्क्याने वाहणारा भरणीचा प्रवाह सिग्नलच्या वाटेने जातो आणि तोच पुढे करकर करतो. टर्नटेबलची बारीक अर्थ वायर डब्याच्या स्क्रूला लावावी.

आवाज घालवण्यासाठी प्लगमधली तिसरी, अर्थची पिन तोडण्याचा सल्ला काही जण देतात. तो कृपया ऐकू नये. ज्या डब्यात २८० व्होल्ट आहेत, तो डबा घराच्या अर्थला जोडलेला असलाच पाहिजे. अर्थचे वेटोळे तोडायचेच असेल, तर सिग्नलची अर्थ आणि डबा यांच्यामध्ये दहा ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर उलटसुलट दोन डायोड घालता येतात. डबा आणि घराची अर्थ यांच्यामध्ये मात्र काहीही घालू नये. एप्रिल-मे महिन्यांत जमीन कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो, तेव्हा त्यात पाणी ओतण्याची जुनी सवय सोडू नये. त्याने आपला आवाज जाणार नाही, पण आपण राहाल.

याच ओघात कंडेन्सर रिकामे करण्याविषयी. ३०० व्होल्टला भरलेल्या ४७ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमध्ये सुमारे दोन ज्यूल ऊर्जा असते आणि वीज बंद केल्यावरही ती बराच काळ टिकून राहते. एकदा बंद असलेल्या चॅसीवर मी मनगट टेकवले आणि हात मागे झटकला गेला तो शेजारच्या कपाटाच्या कडेवर. विजेपेक्षा कपाटानेच जास्त लागले. प्रत्येक मोठ्या कंडेन्सरला समांतर २२० किलोओहम, दोन वॉटचा आणि ५०० व्होल्ट सहन करणारा रेझिस्टर कायमचा जोडावा, म्हणजे मिनिटभरात जेमतेम एक व्होल्ट उरतो. तरीही मीटर लावून पाहिल्याशिवाय हात घालू नये आणि दुसरा हात खिशात ठेवावा.

प्रश्न : कॉलेजच्या प्रकल्पासाठी नऊ व्होल्टच्या एका बॅटरीवर चालणारा सीमॉय पद्धतीचा हेडफोन अँप्लिफायर केला. एनई५५३२ आयसी, ११ गेन (अकरापट वर्धन) आणि बॅटरी दुभागण्यासाठी दोन रेझिस्टर व २२० मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर वापरले आहेत. ३२ ओहमच्या हेडफोनवर तबल्याचा बायाँ पोकळ ऐकू येतो आणि आवाज थोडा वाढवला की फाटतो. आयसी बदलू का?
— एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड

उत्तर : आयसी निर्दोष आहे. चू मॉय यांच्या नावाने ओळखला जाणारा हा आराखडा मुळात सोपा असला, तरी त्यात दोन जागा फसव्या आहेत आणि आपण दोन्हींवर अडकला आहात.

बायाँ पोकळ होण्याचे कारण बॅटरी दुभागण्याच्या जागी आहे. डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही कानांचा परतीचा प्रवाह त्या मधल्या बिंदूतूनच जातो. तेथे २२० चे दोन कंडेन्सर मिळून ४४० मायक्रोफॅरड होतात आणि ५० हर्ट्झला त्यांचा अडसर सात ओहमांहून थोडा जास्त भरतो. समोर ३२ ओहमचे दोन हेडफोन समांतर, म्हणजे १६ ओहम. खर्जाचा काही हिस्सा असा वाटेतच खर्च होतो आणि एका कानातला आवाज दुसऱ्यात सांडतो तो वेगळाच. दोन्ही कंडेन्सर हजार मायक्रोफॅरडचे करावेत, किंवा त्याहून चांगले म्हणजे नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या घेऊन खरा मध्यबिंदू वापरावा. मात्र तसे केल्यास दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी तोडणारा दुहेरी स्विच घालावा. एक बॅटरी आधी तुटली तर थेट डीसी हेडफोनच्या बारीक कॉइलवर येतो.

आवाज फाटण्याचे कारण गेन आहे. मोबाइल किंवा डॅकमधून (डिजिटल सिग्नलचा अॅनालॉग करणाऱ्या यंत्रातून) एक-दोन व्होल्ट आधीच येत असताना त्याला अकरापट करून ते नऊ व्होल्टच्या बॅटरीत मावणार कसे? फीडबॅकला दहा किलोओहम आणि खाली एक किलोओहम असेल, तर त्या एकाच्या जागी ४.७ किलोओहम घालावा, गेन सुमारे तीन होईल. एनई५५३२ साधारण ३८ मिलीअँपपलीकडे देऊ शकत नाही, पण ३२ ओहमच्या बहुतेक हेडफोनना ०.३ व्होल्ट, म्हणजे तीन मिलीवॉटहूनही कमी शक्ती कान दुखण्याइतकी पुरते. हेडफोन लावण्यापूर्वी आउटपुटवरचा डीसी मीटरने मोजावा आणि तो २० मिलीव्होल्टच्या आत असल्याशिवाय प्लग आत घालू नये. प्रकल्पाच्या अहवालात हे मोजमाप लिहिलेत, तर बाहेरून आलेल्या परीक्षकाला त्यात रस वाटेल.

प्रश्न : माझ्या फोनो प्रीअँपच्या शेवटी ईसीसी८२ चा कॅथोड फॉलोअर (व्होल्टेज न वाढवता सिग्नल पुढे देणारा टप्पा) आहे. त्यालाच थेट हेडफोन जोडले तर वेगळा अँप्लिफायर कशाला?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : ईसीसी८२ च्या कॅथोड फॉलोअरचा आउटपुट रोध ४५० ओहमच्या आसपास असतो. त्यावर ३२ ओहमचा हेडफोन टांगला, तर व्होल्टेजचा जेमतेम पंधरावा हिस्सा हेडफोनपर्यंत पोहोचतो आणि उरलेला व्हॉल्व्हच्या पोटातच राहतो. ढोबळ नियम असा की हेडफोनचा रोध स्रोताच्या किमान आठपट असावा. व्हॉल्व्हच हवा असेल, तर व्होल्टेजचे काम ईसीसी८२ कडे ठेवून प्रवाहासाठी मागे मॉसफेट (ट्रान्झिस्टरचा एक प्रकार) जोडावा. ३०० ओहमचे हेडफोन असतील, तर ६०८० सारखा दणकट व्हॉल्व्ह वापरता येतो. त्याचा रोध सव्वाशे-दीडशे ओहमांवर येतो. आठपटीचा नियम पाळला जात नाही, पण ऐकायला चालते. त्याच्या नुसत्या हीटरलाच अडीच अँप लागतात, म्हणजे थंडीत निफाडकडच्या लोकांना तो विशेष आवडेल. आउटपुट कंडेन्सरच्या पुढे एक किलोओहमचा रेझिस्टर अर्थला जोडावा, आणि तरीही व्हॉल्व्ह पुरते तापेपर्यंत हेडफोन लावू नयेत, नाहीतर सुरुवातीचा दणका त्यांनाच सोसावा लागतो.

प्रश्न : आजोबांच्या संग्रहात द. वि. पलुस्करांच्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्ड आहेत. नव्या टर्नटेबलवर आणि घरच्या व्हॉल्व्ह प्रीअँपवर त्या गोणपाटाआडून ऐकल्यासारख्या वाजतात, शिवाय खरखर फार. रेकॉर्ड झिजल्या असाव्यात का?
— एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर : त्या झिजल्या असतीलही, पण तसा निकाल देण्याची घाई करू नये. पलुस्करांचा जन्म आपल्याच नाशिकचा, १९२१ सालचा, आणि १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले. त्यांच्या हयातीतल्या ७८ च्या रेकॉर्ड आरआयएए वक्राच्या हिशोबाने कापलेल्या नसण्याची शक्यता मोठी आहे. त्या काळच्या तबकड्यांमध्ये खर्ज साधारण २५० ते ३०० हर्ट्झच्या खाली दाबलेला असे आणि तीव्र स्वरांची उचल नसे, किंवा थोडीच असे. आपला प्रीअँप मात्र न उचललेले तीव्र स्वरही इमानेइतबारे खाली दाबतो, आणि गोणपाट येते ते तिथून.

आपला प्रीअँप घरचा आहे, त्यामुळे उपाय हातात आहे. आरआयएएच्या जाळ्यात ७५ मायक्रोसेकंदाची गाळणी करणारा एक कंडेन्सर असतो. त्याला तीन जागांचा स्विच लावावा : एका जागी पूर्ण कंडेन्सर, दुसऱ्या जागी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा आणि तिसऱ्या जागी काहीच नाही. पलुस्करांची एखादी द्रुत तान लावून तिन्ही जागांवर ऐकावे. स्वर मोकळे होतात पण खरखर कानावर येत नाही, ती जागा ठेवावी. खर्ज चारएक डेसिबलने जास्त वाटेल, तो टोन कंट्रोलने उतरवता येतो.

खरखरीचा मोठा भाग सुईमुळे असावा. एलपीची सुई सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येची असते आणि ७८ च्या रुंद खाचेत ती भिंतींना न टेकता तळाच्या कचऱ्यावरून घासत जाते. ७५ मायक्रॉनच्या आसपासची, ७८ साठीची वेगळी सुई आपल्या कार्ट्रिजला मिळते का, ते पाहावे. दोन्ही चॅनेल एकत्र जोडून मोनो करावे, म्हणजे सुईच्या वर-खाली हालचालीतून येणारी खरखर एकमेकींना खोडते. आणि या रेकॉर्ड स्पिरिटने कधीही पुसू नयेत : त्या लाखेच्या आहेत आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने ओलसर केलेले फडके पुरे, तेही मधल्या कागदी लेबलला न लावता.

प्रश्न : जुन्या सूटकेस प्लेअरमधल्या सिरॅमिक कार्ट्रिजसाठी फोनो प्रीअँप बांधावा का?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : नको. सिरॅमिक कार्ट्रिज मिलीव्होल्टमध्ये नव्हे, तर व्होल्टच्या काही दशांशांत बोलते आणि आरआयएएची दुरुस्ती बऱ्याच अंशी स्वतःच करते. त्याला फक्त एक मेगओहमचा इनपुट हवा असतो. नेहमीच्या अँप्लिफायरच्या कमी रोधावर त्याचा खर्ज नाहीसा होतो. जुन्या रेडिओतून निघालेला बीईएलचा (भारत इलेक्ट्रॉनिक्सचा) एखादा ईसीसी८३ आपल्याकडे पडून असेल, तर त्याचा एकच टप्पा, ग्रिडला एक मेगओहम लावून, या कामाला पुरेल. बसवल्यावर चालू व्हॉल्व्हच्या काचेवर पेन्सिलीच्या टोकाने हलकेच टिचकी मारावी; स्पीकरमधून घंटेसारखा लांबणारा नाद आला, तर तो व्हॉल्व्ह दुसऱ्या कुठल्या तरी कामासाठी बाजूला ठेवावा.